मनगटावर दुपार, अंगात पहाट

परदेशातली आमची दुसरी रात्र. तीन वाजून दहा मिनिटं झालेली, आणि मी टक्क जागा. शेजारच्या पलंगावर ताई झोपलेली, तिची झोपमोड नको म्हणून कूसही जपून बदलत होतो. असा अर्धाएक तास गेला आणि अंधारातून आवाज आला, "जागा आहेस का रे?" तीही माझी झोपमोड नको म्हणून तासभर तशीच पडून राहिली होती. दिवा लावला, तर दोघांनाही कडकडून भूक लागलेली.

त्याच दिवशी दुपारी याच्या बरोबर उलटं घडलं होतं. या सहलीचं आम्ही कितीतरी वर्षं नुसतं बोलत होतो, आणि त्या बोलण्यात ताईची बोटीची फेरी हमखास असायची. निघायच्या दोन महिने आधीच तिने तिकीट काढून ठेवलं होतं, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचं, दुपारी साडेबाराचं. बोट सुटली, वारा सुटला, आणि एकच्या सुमाराला आम्ही दोघंही डोक्याला डोकं टेकून गाढ झोपलो. जाग आली ती बोट धक्क्याला लागल्याच्या दणक्याने. फेरी संपली होती.

"प्रवासाची दमणूक आहे, दुसरं काय," ताई म्हणाली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण दमलेला माणूस रात्री तीन वाजता असा टवटवीत कसा असेल?

विमानप्रवासाने दमायला होतंच. केबिनमधल्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ वीस टक्क्यांच्या खाली असते. हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका. त्यात दहा-बारा तास गुडघे मुडपून बसायचं. घसा कोरडा पडतो, पावलं सुजतात, डोकं जड होतं. पण हे सगळं एका चांगल्या झोपेत उतरतं. जेट लॅग, म्हणजे अंगातली वेळ आणि तिथली वेळ न जुळणं, तसा उतरत नाही, कारण त्याचा अंतराशी संबंधच नाही. हेलसिंकी आणि जोहान्सबर्ग यांच्यात नऊ हजारांहून जास्त किलोमीटर आहेत, पण हिवाळ्यात दोन्हीकडची घड्याळं एकच वेळ दाखवतात. त्या विमानातून उतरणारा माणूस दमलेला असतो, त्याला जेट लॅग नसतो. जेट लॅग लागतो तो पूर्व-पश्चिम प्रवासात, आणि तोही भरभर केलेल्या. आगबोटीने अटलांटिक ओलांडायला पाच-सहा दिवस लागायचे. जहाजावरचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकवायचे आणि शरीरही त्याच्याबरोबर सरकत जायचं. जेट लॅग हा शब्दच 1960 च्या दशकातला, प्रवासी जेट विमानं रुळली तेव्हाचा.

अंगातलं घड्याळ

शरीराचं घड्याळ म्हणजे नुसती बोलायची रीत नाही. 1729 मध्ये ज्याँ-जाक दोर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ कळायला झाडाला सूर्य बघावा लागत नव्हता.

माणसाच्या बाबतीत असाच प्रयोग मिशेल सिफ्र या तेवीस वर्षांच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने 1962 मध्ये स्वतःवर केला. आल्प्समधल्या एका गार गुहेत तो घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला सांगण्यात आलं की मुदत संपली, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्टच उजाडला होता. मनाचा हिशेब असा पंचवीस दिवसांनी चुकला. पण त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी तपासल्या, तर ते चक्र साधारण साडेचोवीस तासांनी नेमाने फिरत राहिलेलं दिसलं. पुढे 1999 मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइसलर यांच्या गटाने फार काटेकोर मोजमाप करून सरासरी काढली: 24 तास 11 मिनिटं. ही वरची 11 मिनिटं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान. तोच मुख्य घड्याळजी. त्याच्या हाताखाली यकृत, आतडी, मूत्रपिंडं, स्नायू यांची आपापली घड्याळं चालतात. पोचल्यावर मध्यरात्री भूक लागणं, सकाळी पोट साफ न होणं, रात्री तीनदा लघवीला उठणं या सगळ्याचा उगम इथेच. मूत्रपिंडं एरवी रात्री काम कमी करतात, पण त्यांच्या लेखी अजून रात्र झालेलीच नसते. आणि ही दुय्यम घड्याळं मुख्य घड्याळाच्या वेगाने सरकत नाहीत, प्रत्येकाची चाल वेगळी. वाद्यवृंदात प्रत्येकाने आपापला ताल धरावा, तसं ते पहिले काही दिवस चालतं.

मग एका झटक्यात वेळ बदलून का टाकता येत नाही? कारण या घड्याळाला काटाच नाही. 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना मिळालं, ते फळमाशीतलं काम इथे समजून घ्यायला हवं. पेशीतलं एक जनुक एक प्रथिन बनवायला लावतं. प्रथिन साठत जातं, पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि आपल्याच जनुकाला गप्प बसवतं. उत्पादन थांबतं. मग असलेलं प्रथिन हळूहळू मोडत जातं, पार ओसरलं की जनुक पुन्हा जागं होतं. या एका भरती-ओहोटीला साधारण चोवीस तास लागतात. माणसाच्या पेशींतही हाच प्रकार, पात्रं तेवढी जास्त. भरतीला तुम्ही थोडी घाई करू शकता, थोडी रोखून धरू शकता, पण आठ तास उडी मारून पुढे जायला सांगू शकत नाही.

साधारण हिशेब असा धरतात की पूर्वेला गेलात तर शरीर दिवसाला एक तास जुळवून घेतं आणि पश्चिमेला गेलात तर सुमारे दीड तास. हा भेद त्या 11 मिनिटांमुळे. आपलं घड्याळ मुळातच जरा रेंगाळणारं आहे. पश्चिमेला गेल्यावर दिवस लांबवायचा असतो, ते त्याला मानवतं. पूर्वेला गेल्यावर आखडायचा असतो, तिथे ते कुरकुरतं. उशिरापर्यंत जागणं कुणालाही जमतं, पण आज तीन तास लवकर झोप म्हटलं तर झोप येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

रात्री तीन वाजता

आता आमची ती रात्र. आम्ही आठ तास पूर्वेला गेलो होतो. म्हणजे तिथले पहाटेचे तीन ते पाच, ते घरचे संध्याकाळचे सात ते नऊ.

झोप दोन गोष्टींच्या ओढाताणीतून येते. ही मांडणी स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये केली आणि अजून ती टिकून आहे. एक म्हणजे झोपेची थकबाकी. जितका वेळ जागे तितकं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. कॉफी हा दाब कमी करत नाही. अॅडेनोसिन जिथे जाऊन बसायचं त्या जागा ती अडवून धरते, इतकंच. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. ते या दाबाकडे बघत नाही, आपल्या वेळेप्रमाणे जागं ठेवतं किंवा झोपवतं.

घड्याळाचा सगळ्यात विचित्र गुण असा की ते आपल्याला सर्वांत जोराने जागं ठेवतं ते झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांत. दिवसभराची थकबाकी तेव्हा सर्वाधिक असते, ती तोलून धरायला घड्याळालाही जोर लावावा लागतो. दुपारी पेंगणारा माणूस रात्री आठ वाजता गप्पांत रंगतो तो म्हणूनच.

पहिल्या-दुसऱ्या रात्री आपण अकराला आडवे होतो आणि लगेच झोपतो. मनात म्हणतो, मला नाही बुवा त्रास झाला. ती थकबाकीची करामत. तीन-चार तासांत बरीचशी बाकी फिटते, दाब उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी घड्याळाने घरची रात्रीची आठची गप्पांची वेळ गाठलेली असते. एकीकडे झोपेची ओढ सैल, दुसरीकडे जागरणाचा जोर पुरेपूर. मग मेंढ्या मोजून काय होणार?

त्यात पहिल्या रात्रीला आणखी एक कारण जोडलं जातं, त्याचा जेट लॅगशी संबंध नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग पुरता झोपतच नाही. ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं की डाव्या अर्ध्या मेंदूची झोप त्या रात्री उथळ राहते, जणू तो पहाऱ्यावर असतो. हॉटेल कितीही चांगलं असलं तरी.

आणि बोटीतली झोप? त्याचं उत्तर पुढच्या भागात आहे. माझ्या मते जेट लॅगबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ती हीच.

तुमचे पहाटेचे पाच कुठे आहेत?

दिवसभरात शरीराचं तापमान साधारण एक अंश सेल्सियसने वरखाली होत असतं. ते सर्वांत खाली जातं पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास. सातला उठणाऱ्यासाठी साडेचार-पाच धरा. या क्षणाला मी "शरीराचे पाच" म्हणतो. झोपेची गुंगी तेव्हा सर्वांत गाढ असते, जागं राहावं लागलं तर चुकाही तेव्हाच सर्वाधिक होतात.

विमानातून उतरताना हे पाच तुमच्याबरोबर येतात. आठ तास पूर्वेला गेलात तर ते स्थानिक वेळेनुसार दुपारी एकला येतात. ताईचं तिकीट होतं साडेबाराचं. आम्ही फेरीला गेलो होतो ते आमच्या अंगातल्या पहाटे साडेचारला. दुपार फक्त मनगटावर होती.

या पाचचा खरा उपयोग मात्र उजेडासाठी. डोळ्याच्या पडद्यात दृश्य दाखवणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांचं काम चित्र दाखवणं नाही, बाहेर किती उजेड आहे ते घड्याळाला कळवणं. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला त्या जास्त दाद देतात. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने त्या स्वतःच उजेड टिपतात हे दाखवलं. (ज्यांच्या डोळ्यांतून अजिबातच उजेड आत जात नाही अशा अनेक अंध व्यक्तींचं घड्याळ दिवस-रात्रीशी जुळत नाही, ते रोज थोडं थोडं सरकत राहतं. घरबसल्या लागलेला हा जेट लॅग, आणि संपतही नाही.)

उजेड घड्याळ सरकवतो, पण कुठल्या दिशेने ते त्या पाचवर ठरतं. पाचच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर लख्ख उजेड पडला, तर घड्याळ समजतं की संध्याकाळ अजून मावळायची आहे, रात्र उशिरा धरूया. पाचनंतरच्या तासांत पडला, तर समजतं की अरे, उजाडलं, आपणच मागे राहिलो, उद्या लवकर. पहिल्याने दिवस लांबतो, दुसऱ्याने आखडतो.

आता "पोचलात की सकाळी सकाळी उन्हात फिरा" हा सगळीकडे मिळणारा सल्ला तपासून बघा. आठ तास पूर्वेला गेलेल्या माणसाला दिवस आखडायचा आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे त्याच्या अंगातले रात्रीचे अकरा, पाचच्या बऱ्याच आधीचे. त्या उन्हाने त्याचं घड्याळ लांबणार, म्हणजे उलट्या दिशेला जाणार. ताईने मला पहिल्या सकाळी सातला नदीकाठी नेलं होतं. सुंदर ऊन होतं. आम्ही जेट लॅगला हाताने खतपाणी घातलं.

त्याऐवजी करायचं ते असं. पहिल्या दिवशी दुपारी एकपर्यंत उजेड टाळायचा: काळा चष्मा, काठाची टोपी, वस्तुसंग्रहालयं, खोलीचे पडदे. एकनंतर मात्र उघड्यावर यायचं आणि संध्याकाळपर्यंत राहायचं. दुसऱ्या दिवशी हीच सीमा बाराला, तिसऱ्या दिवशी अकराला, अशी रोज तासभर अलीकडे आणायची. तीनचार दिवसांत सकाळचं ऊन आपल्या बाजूचं होतं. दोन-तीन तासांचाच फरक असेल तर तो रूढ सल्ला बरोबर आहे, कारण तेव्हा तुमचे पाच सातआठलाच येऊन गेलेले असतात.

पश्चिमेला आठ तास गेलात तर पाच येतात आदल्या रात्री नऊला. इथे काम सोपं. दुपार आणि संध्याकाळ बाहेर घालवायची, त्याने घड्याळ हव्या त्या दिशेने लांबतं. नऊनंतर दिवे मंद. भल्या पहाटे जाग आली तर लख्ख दिवा लावायचा नाही आणि लगेच बाहेर पडायचं नाही. फरक पूर्वेला नऊ-दहा तासांहून जास्त असेल तर घड्याळ बरेचदा स्वतःच उलटी, लांबची वाट धरतं. तेव्हा त्याच्याशी भांडू नये, पश्चिमेचाच हिशेब लावावा.

खोलीतले दिवे सूर्याची जागा घेत नाहीत, हे ध्यानात असू द्या. घरात 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार. "खिडकीपाशी बसलो होतो की" हे म्हणून भागत नाही.

बाकीचं थोडक्यात

दुपारची डुलकी घ्यायला हरकत नाही, वीस-तीस मिनिटांची, गजर लावून. तीन तास झोपलात तर रात्रीची थकबाकी दुपारीच खर्च होते. कॉफीतलं निम्मं कॅफिन पाचएक तासांनीही अंगात असतं, तेव्हा दुपारनंतर नको. दारूने झोप लागते पण तुटक लागते. जेवण स्थानिक वेळेला घ्यावं, यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळा बघतं. रात्री तीनला भूक लागलीच तर काहीतरी हलकं खाऊन दिवा बंद करावा. आम्ही तेव्हा दिवा लावून तासभर फोटो बघत बसलो, ते करू नये. निघण्याआधी दोन-तीन दिवस रोज तासभर लवकर (पूर्वेसाठी) किंवा उशिरा (पश्चिमेसाठी) झोपलात तर तेवढे तास पोचल्यावर वाचतात.

मेलाटोनिनची गोळी ही झोपेची गोळी नव्हे. "रात्र झाली" असं शरीरात कळवणारा हा निरोप एरवी झोपायच्या दोनएक तास आधी मेंदू स्वतःच धाडतो. पूर्वेला गेल्यावर स्थानिक झोपेच्या वेळेला अर्धा ते पाच मिलिग्रॅम घेतल्याने बऱ्याच जणांना फरक पडतो. वेळ चुकली तर उलटा परिणामही होतो. काही देशांत ती दुकानात सहज मिळते, काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळत नाही. फेफरं असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलिन किंवा ठरल्या वेळेची दुसरी औषधं असतील तर निघण्याआधीच वेळापत्रक बदलून घ्यावं, हे विमानात बसून सोडवायचं गणित नाही.

पोचल्याच्या दिवशी गाडी चालवू नका, निदान तुमच्या पाचच्या आसपास तरी नाहीच. आणि दोन-तीन दिवसांचाच मुक्काम असेल तर यातलं काहीही करू नका. घरच्या वेळेवरच राहा, भेटीगाठी अंगात दिवस असेल तेव्हा ठरवा.

आमची सहल दोन आठवड्यांची होती. सहाव्या दिवशी ताईने पुन्हा तेच तिकीट काढलं, तेच साडेबाराचं. या वेळी ती कठड्याला धरून उभीच राहिली, बसायचीच तयारी नव्हती तिची. अर्धी फेरी झाल्यावर वळून म्हणाली, "परत गेल्यावर आपले पाच किती वाजता येतील रे?"

"रात्री नऊला."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे संध्याकाळी गच्चीत बसायचं, आणि पहाटे उठलास तर दिवा लावायचा नाहीस," असं मला बजावून ती पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.